कापणीनंतरचे तीन दिवस : वैरणीच्या यंत्रांवरील पुस्तकाची प्रस्तावना

एक टन हिरवं गवत कापलं, की शेतात सुमारे आठशे किलो पाणी आडवं पडतं. उरलेले दोनशे किलो हा खरा चारा. हे गवत गंजीत किंवा गासडीत बुरशी न लागता टिकायचं, तर त्यातला ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास यावा लागतो. म्हणजे त्या एका टनामागे साडेसातशे किलोंहून जास्त पाणी हवेत घालवायचं असतं. तेही दोन-तीन दिवसांत, पानं न झडता, रंग न उडता आणि पुढची सर यायच्या आत. हे काम कोणतंही इंजिन करत नाही, ऊन आणि वारा करतात. यंत्राने त्यांना गवतात शिरायला वाट करून द्यायची असते. या पुस्तकाची मांडणी याच समजुतीवर उभी आहे, म्हणून त्याची प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

आपल्याकडे वैरणीचं यंत्र म्हटलं, की डोळ्यांपुढे कडबाकुट्टी येते. त्याला कारण आहे. मराठी माणसाच्या यंत्रोद्योगाची सुरुवातच मुळी वैरणीपासून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात शेतीची अवजारं बनवायला घेतली, तेव्हा लोखंडी नांगराच्या जोडीला कडबा कापायचं यंत्र होतं. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण वैरण तोडण्याची, कुट्टी करण्याची यंत्रं बनवतो आहोत, वापरतो आहोत. वैरण वाळवण्याचं यंत्र मात्र आपल्या शिवारात जवळजवळ आलंच नाही, कारण त्याची गरज पडली नाही. आपली मुख्य कोरडी वैरण म्हणजे रब्बी ज्वारीचा कडबा. ज्वारी निघते ती फेब्रुवारी-मार्चात. आभाळ स्वच्छ, हवा कोरडी, ऊन कडक. उपटलेली ज्वारी रानात पसरली, कणसं मोडली, पेंढ्या बांधून बुचाड लावलं, की कडबा आपोआप वाळत असे. त्यासाठी कुणाला डोकं चालवावं लागत नसे.

ती परिस्थिती आता राहिलेली नाही. ज्वारीचं क्षेत्र घटत गेलं. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन पसरलं. त्याचं कुटार जनावरं खातात, पण ते कडब्याची जागा घेऊ शकत नाही. ज्वारी उपटायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. कडब्याचा शेकडा कोणत्या भावाने जातो, हे दर उन्हाळ्यात दूधवाल्या शेतकऱ्याला विचारावं. अशा वेळी नजर वळते ती गवताकडे आणि लसूणघासाकडे. आणि इथेच वाळवण्याचा प्रश्न पहिल्यांदा आपल्या दारात येऊन उभा राहतो.

डोंगरी गवताचं उदाहरण घेऊ. सह्याद्रीच्या उतारांवर, माळांवर, कुरणांत पवना, मारवेल, कुसळी ही गवतं जून-जुलैत फुटतात आणि सप्टेंबरात फुलोऱ्यावर येतात. त्या वेळी कापलं तर त्यात सहा ते आठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, काडी मऊ असते, जनावर आवडीने खातं. पण त्या वेळी पाऊस असतो. म्हणून शेतकरी थांबतो. हस्ताचा पाऊस जातो, ऑक्टोबरचं ऊन तापतं, गवत उभ्या उभ्या पिकून पिवळं पडतं. दिवाळीच्या आगेमागे विळे निघतात. वाळवायची चिंता उरत नाही, कारण गवत उभंच वाळलेलं असतं. पण आता त्यात प्रथिनं दोन-तीन टक्क्यांवर आलेली असतात, बी झडून गेलेलं असतं आणि कुसळीला तर कुसळं धरलेली असतात. ती जनावराच्या जिभेत, हिरड्यांत रुततात. असलं गवत पोट भरतं, दूध देत नाही. डोंगराने दिलेली चांगली वैरण आपण दरवर्षी डोळ्यांदेखत निकृष्ट होऊ देतो आणि मग पेंडीच्या पोत्यांवर पैसे घालतो. सप्टेंबरातली तीन दिवसांची उघडीप पकडता आली, तर यातलं पुष्कळ वाचेल. ती उघडीप पकडणं हे यंत्राचं काम आहे.

त्यासाठी कापलेल्या रोपात काय चालतं, ते आधी समजून घ्यावं लागतं. पुस्तकातलं हे प्रकरण मला सर्वांत मोलाचं वाटलं. गवत कापलं म्हणजे ते लगेच मरत नाही. पानांवरची सूक्ष्म रंध्रं उजेडात उघडी असतात आणि कापल्यानंतरचा पहिला काही काळ त्यांतून पाणी भराभर निघून जातं. म्हणूनच कापता कापता गवत शक्य तितकं रुंद पसरलं पाहिजे. त्याचा जाड ढीग पडला, तर आतली पानं अंधारात जातात, रंध्रं मिटतात आणि ही फुकटची संधी हातची जाते. पुढे रंध्रं मिटल्यावर पाणी बाहेर पडायला वाट उरते ती सालीतून, आणि साल मेणचट असते. तिकडे पेशी जिवंत असतातच. ओलावा सुमारे ४० टक्क्यांवर येईपर्यंत त्या श्वास घेत राहतात आणि श्वासासाठी साखर जाळतात. ती साखर गाईच्या वाट्याची असते. गवत रेंगाळत वाळलं, की त्यावर पाऊस न पडताही ते हलकं का होतं, याचं उत्तर यात आहे.

लसूणघासाचं दुखणं आणखी वेगळं. घासाची एक काडी हातात घेऊन पाहावी. कापल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी पान चुरचुरीत झालेलं असतं, बोट लावताच देठापासून सुटतं. पण काडी नखाने खरवडली तर साल ओली निघते. पान वाळून जातं आणि काडी मागे राहते. आता काडीसाठी थांबावं, तर उलथताना आणि गोळा करताना पानं झडून मातीत जातात. न थांबावं, तर ओली काडी गासडीत कुजते. घासातली दोन तृतीयांशांहून जास्त प्रथिनं पानात असतात. त्यामुळे पान गमावून वाळवलेला घास म्हणजे घासाच्या भावात विकत घेतलेल्या काड्या.

यावरचा उपाय माणसाने शोधला तो साधा आहे: काडी चेमटवायची. दोन खोबणीदार रुळांमधून कापलेलं पीक जातं, काडी जागोजागी चिरडते, साल फुटते आणि पाण्याला बाहेर यायला वाट मिळते. पान आणि काडी मग बरोबरीने वाळू लागतात. हाच कंडिशनर. आधी तो वेगळा ओढावा लागे. १९६४ साली अमेरिकेत न्यू हॉलंड कंपनीने कापणी आणि चुरडणी एकाच फेरीत करणारं हेबाइन नावाचं यंत्र बाजारात आणलं आणि घासाची शेती बदलून गेली. चांगल्या हवेत कंडिशनरमुळे वाळवणीचा साधारण एक दिवस वाचतो. सप्टेंबरातल्या महाराष्ट्रात एका दिवसाची किंमत काय, हे मी सांगायला नको. रूळ घासासाठी चांगले. गवताला दातांचा, म्हणजे झोडपून साल खरवडणारा कंडिशनर चालतो, पण तोच घासाला लावला तर पानं झोडून टाकतो. विक्रेता हा फरक सहसा सांगत नाही.

कापणीच्या यंत्रांवर लोक तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात आटोपतो. जुनी पद्धत कटर बारची: लोखंडी बोटांच्या रांगेतून त्रिकोणी पात्यांची पट्टी डावी-उजवीकडे धावते आणि कात्रीसारखं कापते. १८४० च्या दशकात बफेलोच्या विल्यम केचम यांनी गवतासाठी चालणारं असं यंत्र अमेरिकेत रुजवलं. पुढच्या दशकात ओहायोच्या लुइस मिलर यांनी पात्यांचा दांडा पुढे घेऊन बिजागरीवर बसवला, त्यामुळे उंचसखल जमिनीवर तो वरखाली होऊ लागला. (हे मिलर पुढे थॉमस एडिसन यांचे सासरे झाले.) नवी पद्धत ड्रम आणि डिस्कची. १९६० च्या दशकात हॉलंडमधून ती पसरली. फिरत्या तबकड्यांच्या कडेला लटकती पाती असतात आणि त्यांच्या टोकाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातो. डिस्क मोअर पडलेलं, गुंतलेलं पीक सपासप कापतो, अडकत नाही. पण मीटरभर रुंदीला त्याला कटर बारच्या चौपट ताकद लागते, आणि मुरमाड माळावर तोच वेग दगड गोळीसारखा उडवतो. आपल्या माळांवर डिस्क मोअर घेऊन जाणं मला धोक्याचं वाटतं. आपल्या डोंगरउतारांचं नातं अमेरिकेतल्या आयोवाच्या सपाट रानांशी नाही, स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या डोंगरांशी आहे. तिथला शेतकरी दोन चाकांचं, मागून चालत हाकायचं, पुढे कटर बार असलेलं बुटकं यंत्र उभ्या चढावर वर्षानुवर्षं चालवत आला आहे. पुस्तकातल्या त्या यंत्राच्या आकृत्या आपल्या गावच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी बारकाईने पाहाव्यात. आज आपल्याकडे पाठीवरच्या ब्रश कटरने गवत कापलं जातं. तो गवताचे तुकडे उडवून इतस्ततः पसरतो. नुसतं गवत साफ करायला ठीक आहे, पण वैरण म्हणून ते तुकडे गोळा करायला गेलं तर निम्मं मातीत राहतं.

आणखी एक गोष्ट कापणीत जपायची. बुडखा चार बोटं ठेवावा. जमिनीलगत कापलं की थोडं गवत जास्त मिळाल्यासारखं वाटतं. पण बुडखे हे कापलेल्या गवताचं अंथरूण असतं. त्यावर गवत तरंगतं, खालून वारा खेळतो. बुडखे नसले तर गवत ओल्या मातीला चिकटतं आणि खालच्या अंगाने वाळतच नाही.

आता टेडर. हे यंत्र आपल्याकडे सर्वांत कमी ओळखीचं आणि माझ्या मते सर्वांत गरजेचं. फिरत्या चक्रांवर लांब स्प्रिंगचे दात असतात. ते कापलेलं गवत उचलून, विस्कटून, हवेत उडवून पुन्हा पसरतात. वरचं खाली जातं, खालचं ओलं वर येतं, गुठळ्या सुटतात. इंग्लंडात वोबर्नच्या रॉबर्ट सॅमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच घोड्यामागे ओढायचं असं यंत्र बनवलं होतं. म्हणजे गवत कापायचं यंत्र नीट चालू लागण्याच्या कितीतरी आधी गवत परतायचं यंत्र आलं. पावसाळी हवेत शेती करणाऱ्या त्या माणसांना आपली अडचण नेमकी कुठे आहे, हे कळलं होतं. घरात वाळवण घालणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही: कुरडया एका अंगाने सुकल्या की ती त्या परतते, आणि फार कडक व्हायच्या आत परतते. टेडरचीही वेळ हीच. कापल्यानंतर पहिल्या दिवशी, गवत ओलसर असताना तो खुशाल वेगाने फिरवावा. घासावर मात्र सकाळी दव असतानाच, हळू फिरवावा. उन्हाच्या वेळी वाळत्या घासात टेडर घातला तर मागे हिरव्या चुऱ्याचा धुरळा उडतो. तो धुरळा म्हणजे दूध.

गवत गोळा करून ओळी लावायला रेक लागतो. घास ४० टक्के ओलाव्याच्या आसपास असताना त्याच्या ओळी लागल्या पाहिजेत, त्यानंतर नाही. रेकचे दात मातीत घुसू नयेत इतके वर ठेवावेत. वैरणीत माती आली की जनावराच्या दातांची आणि कडबाकुट्टीच्या पात्यांची, दोघांचीही झीज होते.

गासड्या बांधणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे बेलरबद्दल मला जरा मनापासून बोलायचं आहे, कारण सध्या गावोगाव तेवढाच एक दिसतो. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, सोयाबीनचं कुटार बांधायला तो आला आणि उपयोगी ठरला, यात वाद नाही. गासडी बांधणं आपल्याला नवीनही नाही. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात डोंगरी गवत दाबून त्याच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांना जात. पण पाचट आणि पेंढा मुळातच कोरडे असतात. तोच बेलर अर्धवट वाळलेल्या गवतावर किंवा घासावर चालवला की आतून संकट सुरू होतं. ओलावा २० टक्क्यांच्या वर असला तर जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि गासडी तापते. ५०-५५ अंशांपर्यंत तापली की घास तपकिरी होतो आणि तंबाखूसारखा गोड वास सुटतो. जनावर तो आवडीने खातं, म्हणून शेतकरी निश्चिंत राहतो. पण त्या उष्णतेत प्रथिनं साखरेशी अशी जखडली जातात, की गाईला ती पचत नाहीत. ६५ अंशांच्या पुढे गेली तर गंजी डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. ८० च्या आसपास ती कुणी काडी न लावता पेटू शकते, आणि हे गासड्या रचल्यावर कित्येक आठवड्यांनीही घडतं. दबलेल्या, बुरसटलेल्या गवताची पूड रोज श्वासात गेली तर माणसाच्या फुप्फुसालाही कायमचा आजार जडू शकतो. युरोपातल्या गोठ्यांत तो इतका आढळला, की त्याचं नावच शेतकऱ्याचं फुप्फुस असं पडलं.

म्हणून या पुस्तकातलं ओलावा मोजण्याचं प्रकरण प्रत्येकाने आधी वाचावं, असं मी आग्रहाने सांगेन. मीटर असला तर उत्तम. नसला तरी अडत नाही. मूठभर गवत घेऊन दोन्ही हातांनी पिळावं: कडकड वाजून तुटलं तर बरं, नुसतंच वळलं तर थांबावं. काडीची साल नखाने सोलून पाहावी. काचेच्या कोरड्या बरणीत तुकडे केलेलं गवत आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवावं; मीठ गोळा झालं तर गवत अजून ओलं आहे. ज्यांच्याकडे वजनकाटा आणि मायक्रोवेव्ह आहे, त्यांनी १०० ग्रॅम गवत थोडं थोडं तापवत, वजन स्थिर होईपर्यंत सुकवावं. जितके ग्रॅम घटले, तितके टक्के ओलावा. रचलेल्या गंजीत संशय आला तर लोखंडी पहार आत खुपसून वीस मिनिटांनी बाहेर काढावी. हातात धरवत नसेल, तर त्याच दिवशी गंजी मोडावी, आणि पाण्याची सोय जवळ ठेवूनच मोडावी.

एक बाब मात्र यंत्राच्या हातात नाही. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहिली, तर कितीही उलथापालथ केली तरी गवत साठवण्याइतकं कोरडं होत नाही. त्या दिवसांसाठी मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला ओला चारा आहे. मुरघासाला ओलावा ६५-७० टक्के चालतो, म्हणजे सकाळी कापून दुपारपर्यंत मलूल झालेलं गवत भरता येतं. फिनलंडसारख्या ढगाळ देशाने वैरणीचा प्रश्न याच वाटेने सोडवला. तिथले रसायनशास्त्रज्ञ ए. आय. विर्तानेन यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळालं, त्यात मुरघास टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. आपल्याकडे मक्याचा मुरघास चांगला रुजला आहे आणि त्याचं श्रेय शेतकऱ्यांना आहे. पण मुरघास पाण्यासकट साठवावा आणि वाहावा लागतो. पश्चिम घाटातून माणदेशात किंवा बीडकडे दुष्काळात चारा पाठवायचा, तर ट्रकमध्ये पाणी पाठवणं परवडत नाही. तिथे वाळलेली, हलकी, हिरवट रंगाची गासडीच हवी.

यंत्रं घेण्याचा क्रम हा माझा जुना आग्रहाचा मुद्दा. अनुदानाच्या यादीत आणि विक्रेत्याच्या दुकानात बेलर पुढे असतो, टेडर आणि रेक मागे किंवा नाहीतच. हा क्रम उलटा आहे. टेडर आणि रेक हलके असतात, त्यांचे लहान नमुने आपल्याकडच्या लहान ट्रॅक्टरलाही पेलतात, दुरुस्ती गावात होते. नीट वाळलेलं गवत हाताने बांधून गंजीत रचलं तरी टिकतं. न वाळलेलं गवत सर्वांत महागड्या बेलरने बांधलं तरी सडतं. दूध संस्थेने किंवा शेतकरी गटाने पहिल्या वर्षी कटर बार आणि टेडर-रेक घ्यावा, दोन पावसाळे वाळवण्याचा हात बसू द्यावा आणि मग बेलरचा विचार करावा. उघडीप सगळ्या गावाला एकाच वेळी मिळते, हेही लक्षात ठेवायला हवं. भाड्याने मिळणारं एकच यंत्र तीन दिवसांत सगळ्या गावाला पुरणार नाही. किती एकरांमागे किती रुंदीचं यंत्र लागेल, याची गणितं पुस्तकात सोडवून दिली आहेत. ती आपल्या गावाचे आकडे घालून पुन्हा करून पाहावीत.

या सगळ्यात एका माणसाचं नाव सहसा येत नाही: गवत कापणाऱ्या बाईचं. डोंगरपट्ट्यात आजही विळ्याने गवत कापून, भारा डोक्यावर घेऊन उतार उतरणारी तीच असते. ओल्या गवताचा भारा तीस किलोंचा असला, तर त्यातलं चोवीस किलो पाणी ती वाहत असते. कापल्या जागी गवत वाळवून मग उचललं, तर तेवढ्याच चाऱ्यासाठी तिच्या मानेवरचं ओझं जेमतेम सात-आठ किलोंवर येतं. टेडर किंवा रेक निवडताना तिला बरोबर घेऊन जा, चालवून पाहायला सांगा, मुठी तिच्या हाताच्या उंचीला बसतात का ते बघा. पुस्तकात हातरेकचे आणि चालत हाकायच्या यंत्रांचे नमुने मापांसह दिले आहेत. सुरक्षेचा भागही तिथेच आहे: कडबाकुट्टीत बोटं गमावलेली माणसं आपल्याला गावोगाव भेटतात, आणि ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या फिरत्या पीटीओ शाफ्टमध्ये पदराचं टोक अडकायला क्षणही लागत नाही. शाफ्टवर आवरण नसलेलं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी घरी आणू नका. आधीपासून घरी असलेल्या यंत्राला ते आवरण बसवायचं कसं, याची आकृती त्याच भागात आहे. लोहाराला दाखवली तर तो एका दिवसात करून देईल.